भाऊजींचा राग कुठे जातो

देवानं हे जग सहा दिवसांत घाईघाईनं उरकलं आणि त्यात राहून गेलेल्या चुका दाखवायला माझ्या भाऊजींना जन्माला घातलं, अशी माझी पक्की समजूत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म ठाण्याचा, तरुणपण मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून गेलं, आणि मग आम्हा बाकीच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मंडळींसारखे तेही एक दिवस विमानात बसून इस्राएलला आले आणि रामल्याला राहिले. इथला पहिला राग त्यांनी विमानाच्या शिडीवर काढला, कारण ती हलत होती. बरोबरची मंडळी खाली वाकून पवित्र भूमीचं चुंबन घेत होती आणि भाऊजी कुठल्याशा मेकॅनिकला गाठून, हातवारे करून, शिडीचा कोणता बोल्ट ढिला आहे ते दाखवत होते. मेकॅनिकला मराठी येत नव्हतं, भाऊजींना हिब्रू येत नव्हतं, तरी भांडण अर्धा तास चाललं आणि बोल्ट आवळला गेला.

तेव्हापासून त्यांनी या देशाला एक दिवस सुखानं बसू दिलं नाही. टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईवर त्यांचा कायमचा दात. उद्या वाळवंटातून गरम वारा येणार असं ती हसत सांगायची, तर हे खुर्चीतून उठून पडद्याजवळ जायचे आणि म्हणायचे, "हसतेस काय? तुझ्या स्टुडिओत एसी आहे, इकडे रामल्यात येऊन हस!" मी पेताह तिक्वाला नोकरीला जायची, ती बस कधीमधी वेळेच्या आधी यायची. भाऊजींना तो घोर अपराध वाटे. "लेट आली तर समजू शकतो मी. माणूस आहे, ट्राफिक आहे. पण बिफोर टाइम यायला हिला अधिकार काय?" बाजारात कलिंगड घेताना ते आधी फळाला बोलत, मग विकणाऱ्याला, मग ज्यानं ते पिकवलं त्या किबुत्झमधल्या, म्हणजे सामुदायिक शेतीवरच्या, न पाहिलेल्या शेतकऱ्याला. घरी आणून कापलं आणि ते लालभडक, गोड निघालं, की आणखी चिडत. एवढं भांडून झाल्यावर फळ चांगलं निघणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

कोणी आजारी पडलं की मात्र बघायचं. मला एकदा सणसणून ताप आला होता. भाऊजी दारातूनच ओरडत आले, "ताप आलाच कसा? मी म्हणतो, आलाच कसा? परवापर्यंत नव्हता ना?" जणू मी तो मागच्या दारानं चोरून आत घेतला होता. ओरडत ओरडत त्यांनी पेज केली, ओरडत ओरडत चमच्यानं भरवली, आणि मी झोपले तेव्हा स्वयंपाकघरात भांड्यांशी भांडत भांडी घासत होते. मी पेताह तिक्वाच्या एका ऑफिसात टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम केलं. दिवसभर अख्ख्या देशाचा संताप कानात घेऊन संध्याकाळी मी ताईकडे जायची ती भाऊजींचा ऐकायला. पण तो ऐकताना कान दुखत नसत. शिवाय आमच्या घराण्यातही रागाचा तुटवडा नाही. मी एकदा बोलायला लागले तर भाऊजीसुद्धा, "धाकटे, हळू, खालचे ऐकतायत," असं म्हणतात.

या सगळ्यावर ताईकडे एकच उपाय होता. भाऊजी तापून तापून अगदी टोकाला पोचले, की ती भाजी ढवळता ढवळता मान वर न करता विचारायची, "झालं? आता जेवा." आणि खरोखर होऊन जायचं. पाटावरून उठल्यासारखा राग उठून जायचा आणि भाऊजी ताट ओढून निमूट जेवायला लागायचे. ताई म्हणायची, यांचा राग म्हणजे पाहुणा आहे, त्याला कोणीतरी दारापर्यंत पोचवावं लागतं एवढंच.

ती ताई नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका हिवाळ्यात, पेताह तिक्वाच्या हॉस्पिटलात असतानाच गेली. भाऊजी त्या वेळी खाली दारावरच्या पहारेकऱ्याशी भांडत होते, कशावरून ते आता त्यांनाही आठवत नाही. वर आले तर लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला त्यांची एकुलती एक मुलगी ओर्ली भिंतीला टेकून कोणाशी तरी फोनवर रडत बोलत होती. "इमा मेता," ती म्हणत होती. इमा म्हणजे आई. मेता म्हणजे मेली. भाऊजींना हे कोणी जवळ बसवून सांगितलं नाही, हात धरून सांगितलं नाही. व्हरांड्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तो शब्द येऊन त्यांना लागला.

आता गंमत अशी, आणि ही गंमत नाही, की इथल्या तरुण पोरींच्या तोंडी हा शब्द उठता-बसता असतो. भूक लागली तरी मेता, दमली तरी मेता. एखादी गोष्ट जीव टाकावा इतकी आवडली तर तिच्यावर मेता. ओर्ली चॉकलेटवर मेता असायची, नव्या सँडलवर मेता असायची, आणि बाप ओरडायला लागला की त्याच्या गळ्यात पडून "अनी मेता अलेखा" म्हणायची, म्हणजे तुझ्यावर मरते मी. ताईला मातीत ठेवून आलो त्या दिवशी भाऊजींनी तिला बजावलं, "हा शब्द या घरात पुन्हा कानावर आला तर जीभ हासडून हातात देईन." ओर्लीनं तो शब्द टाकला. त्याच्याबरोबर बापाच्या गळ्यात पडणंही टाकलं.

आणि भाऊजींनी दगड बसवायला नकार दिला. इथला रिवाज असा, की महिन्याभरात, फार तर वर्षाच्या आत, कबरीवर नावाचा दगड बसवायचा. मत्सेवा म्हणतात त्याला. तोवर नुसता मातीचा ढीग आणि त्यात खोचलेली पत्र्याची पाटी. सिनेगॉगमधली वडीलधारी मंडळी सांगून थकली, ओर्ली सांगून थकली, मी तर भांडून भांडून थकले. भाऊजी म्हणायचे, "दगड बसवला की लोक हात झटकून घरी जातात. मी कोणाला जाऊ देणार नाही." मी विचारायची, "भाऊजी, इतर कुणाला नाही ते जाऊ द्या. पण तिनं काय करायचं? उघड्या मातीत पडून राहायचं?" त्यावर ते उठून गच्चीत जायचे आणि तिथून समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या चादरींवर ओरडायचे. मला त्यांचा राग आला होता, आणि तो गमतीचा राग नव्हता. पावसानं पाटी वाकली होती. शेजारच्या कबरींवर पांढरेशुभ्र दगड, आठवण म्हणून वर ठेवलेले खडे, दिवे, आणि माझ्या बहिणीच्या वाट्याला चिखल. मी दर महिन्याला जाऊन ती पाटी सरळ करायची आणि बसमध्ये बसून भाऊजींना मनातल्या मनात नाही नाही ते बोलायची.

सैन्यातून सुटलेली इथली पोरं जातात तशी ओर्ली भारतात गेली. "आम्ही तिथून इथे आलो ते काय तू उलटी जायला?" म्हणून भाऊजींनी विमानतळापर्यंत तिच्याशी भांडण केलं. कित्येक महिने कुठल्या कुठल्या डोंगरात राहून ती परत आली ती बुद्धाचं ध्यान शिकून. भाऊजींना हा भारतानं मागून केलेला दगा वाटला. "पन्नास पिढ्या कोकणात काढल्या आपण, तेल गाळलं, शनिवार पाळला, कोणी आपल्याला डोळे मिटून बसायला सांगितलं नाही. आणि ठाण्यात मी डोळे मिटले असते तर बस चुकली असती!" पण पोरगी चिवट निघाली. ती बापाच्या मराठीला हिब्रूतून उत्तर देते, पण उत्तर दिल्याशिवाय सोडत नाही. तिनं सांगितलं, अबा, म्हणजे बाबा, राग दाबायचा नाही आणि काढायचाही नाही. आला की नुसतं बघायचं, मनात त्याचं नाव घ्यायचं, शरीरात कुठे आहे ते पाहायचं. बघितलं की तो आपोआप जातो.

भाऊजींनी यातलं सगळं ऐकलं, फक्त 'मनात' हा शब्द सोडून. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बाजारात होते. टोमॅटोवाल्यानं खालचे नासके टोमॅटो पिशवीत सरकवले. मी जीव मुठीत धरून उभी राहिले. भाऊजींनी डोळे मिटले आणि भर बाजारात, खणखणीत आवाजात, सुरुवात केली, "राग येतोय. पोटात येतोय. गरम आहे. आता छातीत आला. आता मानेतून वर चाललाय. हाताला खाज येतेय." मग टोमॅटोवाल्याला कळावं म्हणून हेच सगळं हिब्रूत सांगितलं. इतकी वर्षं शिव्या खाऊन ढिम्म राहिलेला तो माणूस पांढरा पडला. त्यानं पिशवी रिकामी केली, एकेक टोमॅटो निवडून भरला, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि पैसे घ्यायला हात पुढे करायची त्याची छाती होईना. त्या आठवड्यात भाऊजींनी बँकेत, दवाखान्यात आणि बसमध्ये आपल्या रागाचं असं धावतं वर्णन केलं. बसमध्ये तर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन, आजोबा, पाणी हवंय का, म्हणून विचारलं. पण घरी येऊन बघावं तर राग होता तिथेच. यायचा खरा, जायचा नाही. मला तेव्हा वाटलं, याला दारापर्यंत पोचवणारी गेली, आता हा कोणाबरोबर जाणार? आणि वाटलं म्हणून माझा राग काही कमी झाला नाही.

अखेर एक दिवस माझ्या धीराचा कडेलोट झाला. म्हटलं, "वर्ष भरत आलं. पुढच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन दगड सांगून येते. माझी सख्खी बहीण आहे ती." भाऊजी इतके लाल झाले, की त्यांना रागाचं वर्णन करायचंही भान राहिलं नाही. तेव्हा ओर्ली मध्ये पडली. घरात मावशी हा एकच मराठी शब्द ती नेमानं वापरते. "मावशी, रेगा," ती म्हणाली, म्हणजे थांब जरा. मग तिनं सौदा ठरवला. मित्स्पे रामोनला मौनाचं शिबिर आहे, अबानं तिथे जायचं, शेवटपर्यंत बसायचं. तो परत येईपर्यंत मावशीनं काही करायचं नाही. आल्यावर दगडाबद्दल अबा जे म्हणेल ते दोघींनी मान्य करायचं, हो तर हो, नाही तर कायमचं नाही. भाऊजींनी ताबडतोब मान्य केलं, कारण गप्प बसून जिंकायचंय म्हणजे जिंकलोच असं त्यांना वाटलं. मीही त्यांच्याबरोबर नाव घातलं. ते मध्येच उठून आले तर साक्षीदार हवा, एवढाच माझा हेतू होता. माझ्या मनाची शांती वगैरे माझ्या डोक्यात नव्हती.

मित्स्पे रामोन म्हणजे वाळवंटाच्या टोकाला, प्रचंड मोठ्या खळग्याच्या काठावर बसवलेलं गाव. तिथलं एक वसतिगृह भाड्यानं घेतलं होतं. हॉलमध्ये पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. ते बघून भाऊजी तेवढे खूष झाले, म्हणाले सिनेगॉगसारखं आहे. त्यानंतर मौन सुरू झालं. सगळीकडे पंचविशीतली, केस वाढवलेली, भारत पाहून आलेली पोरं, आणि त्यांच्यात पाठ ताठ करून बसलेले माझे भाऊजी. बोलायचं नाही म्हटल्यावर त्यांनी खोकल्यातून काम चालवलं. फिक्या मसुराच्या डाळीचा एक खोकला होता, पहाटेच्या घंटेचा वेगळा, शेजारी घोरणाऱ्याचा आणखी वेगळा. बायकांच्या बाजूनं मला तो न् तो ओळखू येई. पहिले काही दिवस नुसता श्वास बघायचा होता. आत येतोय, बाहेर जातोय. मला माझ्या श्वासात ताईच्या कबरीवरची पाटी दिसायची आणि पाठोपाठ भाऊजींचं डोकं दिसायचं, ते तर डोळे उघडले तरी समोरच होतं.

शिकवणारा मुलगा उंच, काटकुळा, आणि बोलायचा इतकं हळू, की आपणच खोटं बोलल्यासारखं वाटावं. गुडघे दुखायला लागले की तो पाली भाषेतला एक शब्द म्हणायचा, "अनिच्चा, अनिच्चा." भाऊजींचा चेहरा एकदम उजळला. शंका विचारायची वेळ होती तेव्हा मी दाराशी माझ्या पाळीची वाट पाहत उभी होते, म्हणून मला हे ऐकायला मिळालं. भाऊजी त्याला हिब्रूत म्हणत होते, "हे तू पहिलं शहाणपणाचं बोललास. अनिच्छा. आमच्या भाषेत आहे हा शब्द. म्हणजे मला नको. मला डाळ नको, घंटा नको, हे वाळवंट नको. तू म्हणतोस ते मी जन्मभर करतोय." त्या मुलानं शांतपणे सांगितलं, की नाही आजोबा, याचा अर्थ कायम टिकणारं काही नसतं. दुखणं येतं, जातं. सुखही येतं, जातं. ते जाताना बघता आलं पाहिजे. भाऊजी भडकले. "मग अनित्य म्हण ना सरळ! शब्दाची चटणी कशाला करतोस?" आणि जरा वेळानं, हळू आवाजात, "जायचं ते जाणार, हे ऐकायला मी इथे आलो होय?" बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुठलाच खोकलाही काढला नाही.

शेवटच्या दिवशी मौन सुटायच्या आधी आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो. ओर्ली बापाला न्यायला आली होती, ती मागे दाराजवळ बसली. शिकवणाऱ्या मुलानं डोळे मिटायला सांगितले, थोडा थांबला आणि म्हणाला, "मेत्ता." मेत्ता म्हणजे बुद्धाच्या शिकवणुकीतली सदिच्छा, मैत्री. तिथल्या पोरांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं अर्थ सांगितला नाही. पण हिब्रू जिभेला दुहेरी 'त्त' पेलत नाही, तिच्यावर मेत्ताचं सरळ मेता होतं. मीही आधी मेली असंच ऐकलं. तो पुढे सांगत गेला, आधी स्वतःसाठी भलं मागा, मेता. मग आपल्या आवडत्या माणसासाठी, मेता. मग अनोळखी माणसासाठी, मेता. तेव्हा मला काय ते उमगलं. आता ज्याचा राग येतो ते माणूस मनात आणा, असं तो म्हणाला. मला शोधावं लागलं नाही. मी भाऊजींना मनात आणलं, आणि त्याच क्षणी खरे भाऊजी पुरुषांच्या बाजूला ताडकन उभे राहिले.

"कोण म्हणतं? ऑ? तू कोण सांगणारा?" ते मराठीत गरजले. "तेच तेच सांगतोय मघापासून! मेली, मेली! तुला काय ठावं ती कोण होती?" हॉलमध्ये कोणालाच काही कळलं नाही. काहींना ती पाली भाषा वाटली, दोघातिघांनी तर हात जोडले. भाऊजी माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर गेले आणि मी आणि ओर्ली त्यांच्या मागे धावलो.

ते खळग्याच्या काठावर उभे होते. पुढे नुसतं लालपिवळं, रिकामं, खोल, नजर संपेपर्यंत. तिथे रानबोकड गावात मोकळे फिरतात. त्यातला एक मोठ्या शिंगांचा बोकड कचऱ्याच्या डब्यातला कागद चघळत भाऊजींकडे बघत होता आणि भाऊजी त्याच्यावर ओरडत होते, "तू पण सांग! तू राहिलायस, तू पण सांगून टाक!" मी धापा टाकत म्हटलं, "भाऊजी, अहो, मेत्ता म्हणतोय तो. मैत्री. आपल्या मराठीतली मैत्री." ते माझ्याकडे वळले. "मग मैत्री म्हणायला त्याला काय धाड भरलीय?" बोकड कागद चघळत राहिला. भाऊजी काठावरच्या दगडावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि कोणाला विचारल्यासारखं म्हणाले, "गेली ना गं ती?"

वर्षभरात हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मी इतके महिने त्यांच्याशी भांडून जे कबूल करून घेऊ पाहत होते ते हेच होतं, आणि आता ते समोर आल्यावर मला तिथून पळून जावंसं वाटलं. "हो, भाऊजी," मी म्हटलं. "गेली." ते रडले नाहीत. नुसते बसून राहिले, आणि त्यांचा श्वास आत जाताना आणि बाहेर येताना मला दिसत होता.

ओर्ली त्यांच्याशेजारी बसली. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "अनी मेता अलेखा, अबा." मी डोळे घट्ट मिटले, म्हटलं आता हे पोरीला खळग्यात ढकलतात. "असलं अभद्र बोलू नये," भाऊजी म्हणाले. बोकडही कंटाळून निघून गेला. "काय म्हणालीस?" ते म्हणाले. "परत म्हण."

आम्ही गाडीनं परतीला लागलो. बीरशेबा मागे पडल्यावर भाऊजी खिडकीकडे बघत म्हणाले, "धाकटे, तो दगडवाला कुठे बसतो?"

दगडवाला कब्रस्तानाच्या रस्त्यावरच बसायचा. म्हातारा, अंगभर पांढरी धूळ, स्वभावानं भाऊजींचाच भाऊ. त्यानं नाव विचारलं आणि कागदावर लिहून दाखवलं. भाऊजी म्हणाले, "टिंब कुठाय?" हिब्रूत ब आणि व एकाच अक्षरानं लिहितात. अक्षराच्या पोटात टिंब असेल तर ब, नसेल तर व, आणि टिंबं देण्याची तसदी मुलांच्या पुस्तकांबाहेर सहसा कोणी घेत नाही. माझ्या ताईचं नाव रिबका. इथे उतरल्या दिवशी कारकुनानं तिची रिव्का करून टाकली, आणि मग बँकेत, दवाखान्यात, शेजारीपाजारी ती जन्मभर रिव्काच राहिली. सगळ्या जगावर रागावणारे भाऊजी या एका गोष्टीवर कधी रागावले नव्हते. त्यांना तिला नावानं हाक मारायची वेळच आली नव्हती. "अगं" आणि "ऐकलंस का" यावर त्यांचा सगळा संसार झाला.

दगडवाला म्हणाला, तोरामध्ये, म्हणजे धर्मग्रंथात, हे नाव रिव्का आहे, टिंब दिलं तर लोक मला अडाणी म्हणतील. भाऊजींचा आवाज चढला. "माझी बायको तोरातली नाही, ठाण्यातली आहे!" दगडवाला म्हणाला, चाळीस वर्षांत मी कबरीवर टिंब कोरलेलं नाही. भाऊजी म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं चुकीची नावं कोरलीस!" त्यानं हातातली छिन्नी आपटली, यांनी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. ना भाऊजींनी डोळे मिटले, ना राग कुठे येतोय ते सांगितलं. जुना, भरघोस, घसा फोडून काढलेला तो राग होता, आणि त्यात दर दोन वाक्यांनी ते म्हणत होते, रिबका, रिबका, तिचं नाव रिबका. त्या धुळीच्या अंगणात त्यांच्या तोंडून ताईचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ओर्लीनं माझा हात धरला होता. शेवटी दगडवाल्यानं कपाळ पुसलं, पुटपुटत टिंब काढलं, आणि आतून सगळ्यांसाठी काळी कॉफी मागवली.

दगड बसला त्याला आता काही वर्षं झाली. भाऊजी रोज सकाळी गच्चीत खुर्ची टाकून ध्यानाला बसतात, दहा मिनिटांत कोणावर तरी ओरडतात, आणि पुन्हा डोळे मिटतात. ओर्ली म्हणते हीच साधना आहे. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी फक्त त्यांना दर वर्षी ताईच्या तिथीला कब्रस्तानात घेऊन जाते, कारण आता त्यांना एकट्यानं तो चढ चढवत नाही. या वर्षी शेजारच्या कबरीवर आलेली एक अनोळखी रशियन बाई जाता जाता ताईच्या दगडापाशी थबकली. ते टिंब पाहिलं की माणसं थांबतातच, हे मी पाहिलंय. वाकून, बोटानं अक्षर चाचपून, तिनं मोठ्यानं वाचलं, "रि... रिबका?"

"रिबका. मग?" भाऊजी गुरगुरले. "रिबकाच. काही म्हणणं आहे तुमचं?"

बाई घाबरली नाही. तिनं विचारलं, कोण होती ही? भाऊजी जरा गोंधळले. मग टोपी सारखी करून ते दगडाच्या कडेवर बसले आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिब्रूत सांगायला लागले. मी पाण्याची बाटली घेऊन गाडीत जाऊन बसले. काच खाली होती आणि त्यांचा आवाज तिथपर्यंत येत होता, कोणावर तरी चिडलेला, मध्येच हसलेला. घरी जायला उशीर होत होता, पण मी हॉर्न वाजवला नाही.